चार वर्षांचं फोल्डर, ६१ झिपा आणि गिट: जोडू कसं?

दुधाचा_हिशोब · १४ ऑक्टोबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतोय.

मी शिकून प्रोग्रॅमर झालेला नाही. बीएस्सी फिजिक्स, आणि वाळवा तालुक्यात झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. चार वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या दूध संकलन केंद्राला बिलाचं सॉफ्टवेअर करून दिलं, पायथनमध्ये. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) टाकायचं, दरपत्रकाप्रमाणे भाव निघतो, दर १० दिवसांनी बिल, त्यातून पेंड आणि उचल वजा. केंद्र चालवणाऱ्या अण्णांना जे सुचेल ते मी रात्री बसून करायचो आणि पेनड्राइव्हवरून त्यांच्या मशीनवर टाकायचो. प्रत्येक वेळी आधीच्या फोल्डरची झिप करून ठेवायची. आज मोजल्या, ६१ भरल्या. नावं विचारू नका. 'बिल_फायनल', 'बिल_फायनल_खरं', 'बिल_अण्णा_म्हणाले_तसं'.

गेल्या महिन्यात एक आजी वही घेऊन दुकानात आल्या. रोजचं दूध त्या नातवाकडून वहीत लिहून घेतात. म्हणाल्या, "३१ तारखेचं दूध कुठं गेलं रे?" बघितलं तर खरंच नाही! तिसरं बिल २१ ते ३० निघत होतं आणि ३१ तारीख कुठल्याच बिलात येत नव्हती. संकलनाच्या नोंदींशी ताडून पाहिलं. जुलै आणि ऑगस्ट, दोन्ही महिन्यांत सगळ्याच उत्पादकांचं तेवढं दूध बुडालंय. चूक दुरुस्त केली, पैसे पुढच्या बिलात जातील. पण हा घोळ मी कुठल्या झिपमध्ये घातला ते सापडत नाही, आणि त्या रात्री आणखी कशाकशाला हात लावला होता तेही आठवत नाही. झोप लागत नाही ती त्यामुळे.

पुण्यातला भाचा म्हणाला, "मामा, गिटहबवर टाक." गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि गिटहब ही त्या नोंदी ठेवायची साइट, एवढं कळलं. खातं काढलं, 'दूधबिल' नावाचा रेपो (प्रकल्पाची तिथली जागा) केला, गिट इन्स्टॉल केलं, आणि अडकलो. आधी म्हणालं 'सोर्स रेफस्पेक मेन डझ नॉट मॅच एनी'. नेटवर बघून काहीतरी केलं तर आता 'रिजेक्टेड' येतंय. पुल करायला, म्हणजे तिथलं इकडे ओढायला गेलो तर 'रिफ्यूझिंग टू मर्ज अनरिलेटेड हिस्टरीज'. भाचा ऑफिसात असतो, फोन उचलत नाही.

दोन प्रश्न आहेत. आहे ते फोल्डर त्या रेपोला जोडायचं कसं? आणि त्या ६१ झिपांचं काय करू?

टर्मिनल_तात्या · १४ ऑक्टोबर, रात्री १०.२०

दादा, रेपो करताना 'रीडमी फाइल टाका' या चौकटीत टिक केली होती ना? तिथंच घोटाळा आहे.

गिटमध्ये प्रत्येक कमिटाला, म्हणजे नोंदवलेल्या बदलाला, आपला बाप ठाऊक असतो. तुमच्या मशीनवर तुम्ही पहिली कमिट केली, तो एक मूळपुरुष. साइटनं रीडमी टाकून स्वतःची पहिली कमिट केली, तो दुसरा. दोन कुलवृत्तांत, मूळपुरुषच वेगळे, मग गिट म्हणतं की यांची सोयरीक मी परस्पर जुळवणार नाही. २०१६ साली २.९ आवृत्ती आली तेव्हापासून ते असं अडवतं. त्याआधी गुपचूप जुळवून टाकायचं.

तुमच्या रेपोत रीडमीशिवाय काही नाही, तेव्हा सरळ तो उडवा आणि कुठलीही टिक न करता रिकामा नवीन करा. मग फोल्डरात जाऊन:

गिट इनिट (हे तुम्ही केलंय, पुन्हा केलं तरी बिघडत नाही)
गिट स्टेटस
गिट अ‍ॅड डॉट
गिट कमिट डॅश एम, आणि अवतरणात संदेश
गिट ब्रँच डॅश कॅपिटल एम मेन
गिट रिमोट अ‍ॅड ओरिजिन, आणि पुढे रेपोचा पत्ता
गिट पुश डॅश यू ओरिजिन मेन

तुमची पहिली एरर ब्रँचच्या (म्हणजे कमिटांच्या साखळीच्या) नावाची होती. गिटहबवर १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या रेपोची मुख्य ब्रँच 'मेन' असते, तुमच्या मशीनवरच्या गिटनं ती 'मास्टर' नावानं काढली. 'मेन' नावाचं काही नव्हतंच तर पुश करणार, म्हणजे वर ढकलणार काय? एकही कमिट न करता पुश केलं तरी हीच एरर येते.

'रिमोट ओरिजिन ऑलरेडी एक्झिस्ट्स' म्हणालं तर घाबरू नका, जुना पत्ता पडलाय एवढंच. अ‍ॅडच्या जागी सेट-यूआरएल करा.

कमांड उच्चारानुसार लिहिल्यात, कारण इथं दोन डॅश लिहिले की चिकटून एक लांब रेघ होते आणि माणसं तीच कॉपी करून टर्मिनलात टाकतात. मागच्या वेळी एका ताईंचे दोन तास त्यात गेले होते.

हिरवी_मिरची · १४ ऑक्टोबर, रात्री १०.३१

त्या ताई मीच. आभारी आहे तात्या, गावभर सांगितल्याबद्दल.

दुधाचा_हिशोब, एवढं टर्मिनल कशाला? व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये डावीकडे सोर्स कंट्रोलचं चिन्ह आहे. त्यात 'पब्लिश टू गिटहब'चं बटण येतं. रेपो तेच काढतं, पत्ता तेच जोडतं. फक्त प्रायव्हेट की पब्लिक विचारतं तिथं घाई करू नका.

पोपटपंची · १४ ऑक्टोबर, रात्री १०.४०

'बिल_अण्णा_म्हणाले_तसं' हा मी आजवर वाचलेला सगळ्यात प्रामाणिक कमिट मेसेज आहे.

एडिसनकर · १५ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

इथं न्यू जर्सीत रात्र आहे, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

झिपांना हसू नका रे. १९९८ साली अंधेरीत नोकरीला होतो तेव्हा आमच्याकडे व्हिज्युअल सोर्ससेफ होतं, गिटच्या आधीचं तसलंच साधन. एखादी फाइल बदलायची तर आधी ती चेकआउट करून कुलूप लावायचं. दुसरा कुणी तोवर हात लावू शकत नाही. एक सहकारी बिलिंगच्या मुख्य फाइलला कुलूप लावून कुलू-मनालीला गेला, लग्नानंतरचा महिना. मोबाइल कुणाकडे होता तेव्हा! आम्ही त्या फाइलची कॉपी शेअर्ड फोल्डरात टाकून काम केलं. तो परतल्यावर ते एकत्र करायला आठवडा गेला. नवरा-नवरीला आहेर म्हणून आम्ही खरंखुरं कुलूप दिलं.

पुढे सबव्हर्जन आलं, ते बरं होतं, पण सगळा इतिहास सर्व्हरवर. सर्व्हर बंद तर कमिट बंद. गिटची मजा ही की पूर्ण इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर असतो. लिनक्स कर्नलवाले २००२ पासून बिटकीपर नावाचं असंच साधन वापरत होते. २००५ मध्ये त्याची फुकट मुभा काढून घेतली गेली, आणि लिनक्सचा जनक लिनस टोर्वाल्ड्सनं एप्रिलमध्ये स्वतःच गिट लिहायला घेतलं. काही दिवसांतच गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. जुलैमध्ये त्यानं सांभाळायची जबाबदारी जुनिओ हमानोकडे दिली. मर्क्युरिअल नावाचं दुसरं साधनही त्याच एप्रिलमध्ये, त्याच कारणानं जन्मलं. पाळण्यातले दोघे, एकाचं नशीब निघालं.

बार्देशकार · १५ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

रिमोट म्हणजे गिटहबच, हे कुणी ठरवलं? रिमोट हा नुसता पत्ता. तो पेनड्राइव्हचाही चालतो. या भाऊंचा पेनड्राइव्ह तसाही रोज वाडीत जातो-येतो.

पेनड्राइव्हवर फोल्डर करून त्यात 'गिट इनिट डॅश डॅश बेअर' (म्हणजे नुसता इतिहास ठेवणारा रेपो), आणि आपल्या फोल्डरातून 'गिट रिमोट अ‍ॅड' करून त्याला 'पेनड्राइव्ह' असं नाव द्या. ओरिजिनही (म्हणजे गिटहबचा पत्ता) ठेवा, हेही ठेवा. एका फोल्डरला कितीही रिमोट जोडता येतात. आमच्या म्हापशाच्या दुकानात नेट गेलं की दिवसभर येत नाही, मी असंच करतो.

एक अडचण येईल. २०२२ पासून गिट 'डुबियस ओनरशिप' म्हणून अडतं, कारण पेनड्राइव्हच्या फॅट फाइल सिस्टिमला मालक कोण ते लिहून ठेवता येत नाही. ते सेफ डॉट डिरेक्टरीचं एक वाक्य स्वतःच सुचवतं, ते चालवा की झालं.

दुधाचा_हिशोब · १५ ऑक्टोबर, रात्री ९.१२

गेलं!!! तात्यांनी सांगितलं तसं रेपो उडवून नवा केला. पासवर्ड टाकत बसलो होतो, घेईना. मग ब्राउझर उघडून परवानगी मागितली, दिली, आणि सगळं वर गेलं. फॅट म्हणजे फक्त दुधातलं असं वाटायचं, बार्देशकारांनी नवीनच फॅट दाखवलं.

एकदा बघा ना कुणीतरी बरोबर झालंय का. दुवा देतोय. [दुवा]

टर्मिनल_तात्या · १५ ऑक्टोबर, रात्री ९.२५

अभिनंदन! गिटहबनं पुशसाठी पासवर्ड १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद केलाय. एक तर टोकन, नाही तर एसएसएच की. विंडोजवर क्रेडेन्शिअल मॅनेजर ते ब्राउझरमधून निस्तरतो.

निशिगंधा · १५ ऑक्टोबर, रात्री ९.३३

थांबा थांबा थांबा. दादा, तो दुवा आधी काढा इथून.

रेपो पब्लिक आहे. आणि त्यात 'उत्पादक डॉट डीबी' आहे. मी उघडली नाही, पण नावावरून सांगते, त्यात शेतकऱ्यांची नावं, बँक खाती, आयएफएससी आहेत. आधार क्रमांकही असतील. शिवाय 'सेटिंग्ज' फाइलमध्ये एसएमएसच्या गेटवेची, म्हणजे एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची, की (गुप्त किल्ली) उघडी दिसतेय.

आधी प्रायव्हेट करा. आत्ता. बाकीचं मग बोलू.

दुधाचा_हिशोब · १५ ऑक्टोबर, रात्री ९.३६

आई गं. केलं प्रायव्हेट. हात थरथरतायत. आता ती फाइल डिलीट करून परत पुश करू का?

निशिगंधा · १५ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नाही, तेवढ्यानं काही होत नाही. डिलीट केल्याची एक नवी कमिट होते, जुन्या कमिटमध्ये फाइल जशीच्या तशी राहते. इतिहास ठेवणं हेच त्याचं काम आहे.

एसएमएसची की आत्ताच्या आत्ता गेटवेच्या साइटवर जाऊन रद्द करा, नवी काढा. गिटचं नंतर. उघड्या रेपोंतून अशा की हुडकणारे बॉट सतत फिरत असतात. की २० मिनिटं उघडी राहिली म्हणजे गेली असंच धरून चालायचं.

एडिसनकर · १५ ऑक्टोबर, रात्री ९.५२

गिट फिल्टर-रेपो नावाचं साधन आहे, त्यानं ती फाइल सगळ्या इतिहासातून खरवडून काढता येते. मी तेच करेन.

टर्मिनल_तात्या · १५ ऑक्टोबर, रात्री ९.५८

काका, एका कमिटच्या रेपोसाठी फिल्टर-रेपो? डास मारायला तोफ. इतिहास अर्ध्या तासाचा आहे, क्लोन (पूर्ण प्रत) आपल्यापैकी कुणी केलेला नाही. साइटवरचा रेपो उडवा, मशीनवरचं डॉट गिट फोल्डर उडवा (ते लपलेलं असतं, फक्त तेवढंच, कोड नव्हे!), डॉट गिटइग्नोर (गिटनं दुर्लक्ष करायच्या फाइलींची यादी) लिहा आणि पहिल्यापासून सुरू करा.

डॉट गिटइग्नोरमध्ये डॉट डीबीच्या सगळ्या फाइली, सेटिंग्जची फाइल, पायकॅश, व्हीएन्व्ह (पायथनची कामचलाऊ फोल्डरं) आणि झिपा. सेटिंग्जची एक नमुना प्रत, त्यात खोटी की घालून, ती मात्र रेपोत ठेवा. नाही तर उद्या नव्या मशीनवर काय लागतं तेच कळणार नाही.

आणि मी पहिल्या उत्तरात 'गिट स्टेटस' लिहिलं होतं ते शोभेला नव्हतं. अ‍ॅडच्या आधी ती यादी वाचायची असते. पण वाचा असं लिहिलं नाही, ही चूक माझी.

एडिसनकर · १५ ऑक्टोबर, रात्री १०.०४

मान्य. तोफ परत घेतो.

हिरवी_मिरची · १५ ऑक्टोबर, रात्री १०.१०

बटण दाबताना प्रायव्हेट-पब्लिकची घाई करू नका असं सांगणारी मीच होते, याची नोंद घ्यावी. प्रायव्हेट रेपो फुकट आहेत हो. पूर्वी पैसे पडायचे, २०१९ पासून नाही.

दुधाचा_हिशोब · १६ ऑक्टोबर, रात्री १०.४५

की बदलली. रेपो उडवून नवा केला, प्रायव्हेट. स्टेटसची यादी तीनदा वाचली, बायकोलाही वाचून दाखवली. ती म्हणाली, "यात आपल्या घराचं काही नाही ना?" अण्णांनाही जाऊन झाला प्रकार सांगितला. ते आधी गप्प बसले, मग म्हणाले, आता बरोबर झालंय ना, मग चहा घे.

एक विचित्र गोष्ट. 'शेतकऱ्यांची_यादी_छापणे' नावाची फाइल आहे. नावं देवनागरीत दिली की मला पटकन कळतं. स्टेटसमध्ये तिच्या जागी नुसते आकडे दिसतात, तिरकी रेघ ३४०, २४४, परत ३४०, २४४. फाइल बिघडली का?

निशिगंधा · १६ ऑक्टोबर, रात्री ११.०२

बिघडली नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षर साठवताना तीन बाइट लागतात, आणि गिट सावधगिरी म्हणून ते बाइट अष्टमान पद्धतीत छापतं. ३४० आणि २४४ ही आपल्या लिपीची जणू पिनकोडची सुरुवात. 'कोअर डॉट कोटपाथ' फॉल्स करा, म्हणजे नाव सरळ दिसेल.

पण तुमच्या फाइलच्या नावात 'ऱ्या' आहे, आणि ते प्रकरण वेगळं आहे. मी यात पोळलेय. दिसायला एकच 'ऱ्या', पण टंकायच्या तऱ्हा निदान दोन. एक म्हणजे नुक्त्याच्या 'ऱ' ला हलंत देऊन पुढे या. दुसरी म्हणजे साधा र, हलंत, मग एक न दिसणारा जोडक आणि या. पडद्यावर फरक शून्य, बाइट वेगवेगळे. माझ्या एका प्रकल्पात फाइल मोबाइलच्या कीबोर्डवरून एका तऱ्हेनं नाव दिलेली आणि कोडमध्ये ते नाव लॅपटॉपवरून दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेलं. 'फाइल सापडत नाही.' समोर दिसतेय आणि सापडत नाही! रात्रीचे दोन वाजले होते, भुताटकीच वाटली.

जुन्या मॅकवर आणखी गंमत. तिथली फाइल सिस्टिम त्या 'ऱ' ची र आणि नुक्ता अशी फोड करून ठेवायची. त्यासाठी गिटमध्ये 'प्रीकंपोज युनिकोड' नावाची सोय करावी लागली.

पोपटपंची · १६ ऑक्टोबर, रात्री ११.०९

म्हणजे आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंगतीत बसवायचं नाही.

बार्देशकार · १६ ऑक्टोबर, रात्री ११.१५

फाइलींची नावं रोमनमध्ये द्या, आतला मजकूर मराठी ठेवा. सुंठीवाचून खोकला गेला.

निशिगंधा · १६ ऑक्टोबर, रात्री ११.२०

सोपं तेच आहे हे मान्य. पण दर वेळी आपणच का सरकायचं, असं वाटतं. असो, हा विषय दुसऱ्या धाग्याचा.

कोडगा · १७ ऑक्टोबर, दुपारी १.३०

लहान तोंडी मोठा घास घेतो. एकटा माणूस, एक गिऱ्हाईक, एक फोल्डर. याला गिट कशाला? फोल्डर गूगल ड्राइव्हमध्ये ठेवा, आपोआप सिंक. जुनी आवृत्ती काही दिवस मिळतेच. वर वाचा, गिटच्या नादात शेतकऱ्यांची खाती चव्हाट्यावर येणार होती. झिपांमुळे चार वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

हिरवी_मिरची · १७ ऑक्टोबर, दुपारी १.४४

मुद्दा अगदीच खोटा नाही हो. मीही पहिली दोन वर्षं तसंच करायचे. पण ड्राइव्ह सांगेल की फाइल मंगळवारी बदलली. का बदलली, तिच्यासोबत आणखी कुठल्या चार फाइली बदलल्या, हे कोण सांगणार? दादांना झोप लागत नाही ती नेमक्या त्याच प्रश्नापायी.

टर्मिनल_तात्या · १७ ऑक्टोबर, दुपारी २.००

आणि कृपा करून गिटचं फोल्डर ड्राइव्हच्या सिंकमध्ये ठेवू नका. डॉट गिटमध्ये बारक्या बारक्या शेकडो फाइली असतात. दोन मशीनवरून अर्धवट सिंक झालं की रेपो मोडतो. दोन्हीपैकी एक काय ते करा.

कोडगा · १७ ऑक्टोबर, दुपारी २.२१

ड्राइव्हमध्येच आहे माझा. दीड वर्ष. आज घरी जाऊन हलवतो. पण एकट्याला गिट लागत नाही या मतावर ठाम आहे.

निशिगंधा · १८ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

मंडळी, दादांचा दुसरा प्रश्न आपण सगळ्यांनी मिळून गिळला. ६१ झिपांचं काय?

बार्देशकार · १८ ऑक्टोबर, सकाळी ९.००

एका डिस्कवर ठेवून द्यायच्या, विसरायच्या. आजपासून गिट. झालं गेलं मांडवीला मिळालं.

टर्मिनल_तात्या · १८ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

एरवी मीही हेच म्हटलं असतं. जुना इतिहास लावत बसण्यात आठवडा जातो आणि पुढे कुणी ढुंकून बघत नाही. पण इथं नेमकं इतिहासातच काहीतरी हरवलंय. तेव्हा एक रविवार घालवा.

चालू फोल्डरला हात लावू नका. शेजारी नवं रिकामं फोल्डर, त्यात गिट इनिट. दुर्लक्ष करायच्या फाइलींची यादी या वेळी डॉट गिटइग्नोरमध्ये नाही, डॉट गिटच्या आत इन्फो फोल्डरात 'एक्स्क्लूड' फाइल असते तिच्यात लिहा. कारण प्रत्येक झिप उघडण्याआधी तुम्ही फोल्डर साफ करणार, त्यात डॉट गिटइग्नोर उडेल आणि ती डीबी पुन्हा आत शिरेल. प्रत्येक झिपमध्ये ती असणार, हे विसरू नका.

मग झिपा तारखेनं लावा. नावावर जाऊ नका, आतल्या फाइलींच्या तारखा बघा. पहिली उघडा, 'गिट अ‍ॅड डॅश कॅपिटल ए', मग कमिट करताना डॅश डॅश डेटमध्ये त्या झिपची तारीख, संदेशात झिपचं नाव. डॉट गिट सोडून सगळं पुसा, दुसरी उघडा. असं ६१ वेळा. पायथन येतं ना तुम्हाला, मग वीस ओळींची स्क्रिप्ट लिहा, हातानं नको.

शेवटी 'गिट बायसेक्ट'. चांगली कमिट कुठली, वाईट कुठली ते सांगायचं, ते मधली काढून देतं, तपासायचं, परत मधली. ६१ असल्या तरी फार तर सहा वेळा तपासावं लागेल.

एडिसनकर · १८ ऑक्टोबर, सायंकाळी ५.३०

एक शंका. झिपची तारीख म्हणजे केंद्रातल्या मशीनवर टाकल्याची तारीख नव्हे. कमिट ६ तारखेची असेल आणि पेनड्राइव्ह २० तारखेला गेला असेल.

दुधाचा_हिशोब · १८ ऑक्टोबर, रात्री ९.४०

काका, अण्णांना ओळखत नाही तुम्ही. बदल सांगितला की दुसऱ्या दिवशी सकाळच्या संकलनाला हवाच. रात्री झिप, पहाटे पाचला पेनड्राइव्ह. तारीख जुळेल.

या रविवारी ज्यांचे फॉर्म भरायचेत त्यांना सोमवारी यायला सांगितलंय.

दुधाचा_हिशोब · ३ नोव्हेंबर, रात्री १०.०५

उशिरा लिहितोय, माफी असावी. मध्ये बिलं होती.

स्क्रिप्ट चालली. दोन झिपा उघडल्याच नाहीत, खराब झाल्यात. एक झिप दोन वेगळ्या नावांनी होती, गिट म्हणालं बदल काहीच नाही. म्हणजे ५८ कमिट झाल्या. बायसेक्टनं पाचव्या खेपेला पकडलं. जुन्या कोडला नवी डीबी चालत नव्हती, म्हणून तारखांचा भाग तेवढा चालवून पाहत होतो. ६ जुलैची झिप निघाली. नाव 'बिल_फायनल_छोटा_बदल'.

छोटाच होता खरं तर. आधी तिसऱ्या बिलाची शेवटची तारीख महिनाअखेर अशी काढायचो. त्या रात्री कोड नीटनेटका करायच्या नादात तिन्ही बिलांना एकच फंक्शन केलं, सुरुवात अधिक नऊ दिवस. फरक बघितला तर चारच ओळी. पण त्याच चार ओळींत दुसरी जागा सापडली, जी मी विसरलो होतो. पेंडीची वजावटही त्याच फंक्शनवर टाकली होती. म्हणजे ३१ तारखेला कुणी पेंड उचलली असेल तर तिचे पैसेही कापले गेले नव्हते! दूध बुडालं होतं शेतकऱ्यांचं, पेंड बुडाली होती केंद्राची. सप्टेंबरात दुरुस्ती केली ती फक्त दुधाच्या बाजूला, हे तेव्हाच कळलं. परवा ३१ ऑक्टोबर होती, त्याआधी सापडलं म्हणून वाचलो. हे बिल दोन्ही बाजूंनी बरोबर निघालं.

आज सगळ्यांचा जुना हिशोब मिटवला. त्या आजींना दोन दिवसांच्या दुधाचे पैसे मिळाले. आणि ३१ जुलैला त्यांनी एक पोतं पेंड नेलं होतं, ते वजा झालं. वही उघडून बघितली त्यांनी. पोतं वहीत नव्हतं.

म्हणाल्या, "दूध शोधायला सांगितलं होतं, पोतं कुणी शोधायला सांगितलं?"